रेंज कुणाची जास्त?

अहो वहिनी, जरा गडग्यापाशी या. काल तिन्हीसांजेला तुमचा बंड्या आणि आमचा सुशांत खळ्यात कशावरून हमरीतुमरीवर आले होते, कळलं का? फोनवरून! बंड्याचा नवाकोरा फाइव्ह-जी, आमच्याचा जुनाट, मागची काच तडकलेली. तरी आमच्याच्या फोनवर तीन कांड्या आणि तुमच्याच्या फोनवर एक. मग काय विचारता! "दुकानदाराने फसवलं," म्हणत गेला फणफणत.

त्याला म्हणावं, कांड्यांच्या नादी लागू नकोस. किती रेंजला किती कांड्या दाखवायच्या याचा सगळ्या फोनांना मिळून एकच असा नियम नाही. फोन बनवणारा आपापलं माप लावतो. एखादा सढळ हाताने चार दाखवेल, दुसरा तेवढ्याच रेंजला दोनावर भागवेल. २०१० साली आयफोन ४ आला, तेव्हा काय गोंधळ उडाला होता! कडेची स्टीलची पट्टी हाच त्याचा अँटेना. खालचा डावा कोपरा मुठीत आला की रेंज घसरायची. लोकांनी बोंब मारली, तेव्हा अ‍ॅपलने जाहीरपणे सांगितलं की कांड्या ठरवायचं आमचं सूत्रच चुकीचं होतं, कितीतरी ठिकाणी दोन कांड्या जास्त दिसत होत्या. वर सगळ्यांना कव्हरं फुकट वाटली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

आमचे हे टेलिफोनात होते ना, ते कांड्यांकडे बघतसुद्धा नाहीत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' म्हणून असतं, त्यात सिमची माहिती उघडली की सिग्नलचा उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये. प्रत्येक फोनात ते थोडं इकडेतिकडे असतं, शोधावं लागतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की आतलं पान उघडतं. फोर-जीवर उणे ८५ म्हणजे झकास, उणे १०५ म्हणजे काम भागतं, उणे ११५च्या पलीकडे गेलं की "हॅलो, हॅलो" सुरू. आणि त्या आकड्यातला दहाचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे हो. उणे ९५वाल्याला उणे १०५वाल्याच्या दहापट सिग्नल मिळत असतो. नुसता तीनचा फरक पडला तरी सिग्नल निम्म्यावर येतो.

काय म्हणालात? टॉवर तर एकच, तो सड्यावरचा, मग फरक का? बरोबर विचारलंत. पण दोघांची सिमं एकाच कंपनीची आहेत का? बघा, हेच कुणी विचारत नाही! एका टॉवरवर दोन कंपन्यांचे अँटेने असू शकतात, किंवा दुसरीचा टॉवर पार नदीपलीकडे असू शकतो. वेगळी सिमं घेऊन फोनांची तुलना करण्यात काय अर्थ आहे?

सिमं एकाच कंपनीची असली तरी भानगड उरतेच. कंपनीकडे बँड चार-पाच असतात. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे खालचे बँड लांब जातात आणि आपल्या चिऱ्याच्या भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३००चे वरचे बँड वेगवान खरे, पण माजघरापर्यंत येता येता त्यांचा दम संपतो. मला विचाराल तर काल तेच झालं असणार. आमच्या जुन्या फोनला फाइव्ह-जी ठाऊकच नाही, तो मुकाट खालच्या बँडवर बसला. बंड्याचा फोन फाइव्ह-जीच्या मोहापायी क्षीण सिग्नलला चिकटून राहिला. सेटिंगमध्ये तात्पुरतं फोर-जी करून बघायला सांगा.

तुमच्या नणंदेच्या मुलाने परदेशातून आणलेल्या फोनची रड वेगळी. जिथे विकायचा तिथले बँड बघून फोन बनवतात, आपल्याकडचा एखादा त्यात नसला तर कांड्यांनी तरी काय करावं? बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१००वर आहे. ज्या फोनात ७००चा बँड २८ नाही, त्याला घरात ते जेमतेमच मिळणार. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याआधी बँडची यादी वाचावी. कुणी वाचत नाही ते सोडा.

आणि बंड्याला ते धातूचं चकचकीत कव्हर काढायला सांगा आधी! पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून रेंज बघायची नाही, हेही सांगा. पत्रा सिग्नल परतवतो. रेंज क्षीण असली की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून तर माजघरात ठेवलेला फोन तापतो आणि बॅटरी दुपारीच बसते.

गणपतीत मात्र वेगळीच मजा. चाकरमानी उतरले की कांड्या भरलेल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो काही जाता जात नाही. तिथे फोनचा दोष नाही, टॉवरवर माणसं जास्त. वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपली, तर महागडा काय आणि स्वस्त काय, सगळे सारखेच मुके.

हो, आणखी एक. खालच्या वाडीत कुणीसं बाजारातून बूस्टर आणून गच्चीवर लावलाय म्हणे. तुम्ही त्या फंदात पडू नका. परवानगीशिवाय तसला बूस्टर लावणं बेकायदा आहे. शिवाय त्याने टॉवरचा सिग्नल बिघडतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन तुटतात. घरात वायफाय आहे ना तुमच्या? मग सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, रेंज नसलेल्या खोलीतूनही बोलता येईल. फोनात आणि सिमवर ती सोय हवी एवढंच.

बंड्याला निरोप द्या माझा. दोन्ही फोन फोर-जीवर ठेवायचे, कव्हरं काढायची, एकच सिम आधी ह्यात नि मग त्यात घालायचं, एकाच जागी लागोपाठ दोन्हीकडचे उणे आकडे वहीत लिहायचे. सिग्नल वरखाली होत असतो, म्हणून एकदा बघून थांबायचं नाही. इतकं करूनही सारखा पाच-सहाचा फरक दिसला, तर फोनच कच्चा असू शकतो. मग खुशाल जा म्हणावं दुकानदाराकडे, आणि जाताना पावती घेऊन जा.