शिष्टमंडळाचे नेते

सानपाड्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी नेते असतात. निवडणुकीतले नव्हेत, शिष्टमंडळाचे. सरकारी नोकरीतून निवृत्त, सफारीला अजून कडक इस्त्री, पाम बीच रोडला फिरतानाही खिशात पेन. परदेशातल्या कुटुंबांत आठवडाभर राहायचं, महापौरांना भेटायचं, असा दौरा ठरला की सूत्रं आपसूक त्यांच्या हाती येतात. अशा भेटींसाठी ‘फ्रेंडशिप फोर्स’ ही संस्था १९७७ साली जिमी कार्टर यांच्या पुढाकाराने निघाली, हे ते पहिल्याच बैठकीत सांगतात. कार्टरनी आधी सानपाड्यात विचारून घेतलं असावं, अशा थाटात.

यंदा जर्मनी. ३०,००० युरोंचा विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, सगळं त्यांना तोंडपाठ. व्हिसावाल्यांनी चालवून घेतले असते असे फोटोही ते परत पाठवतात.

महापौरांच्या सत्काराला शाल-श्रीफळ हवंच. “नारळ विमानतळावर अडवतील,” असं कुणीतरी पुटपुटलं, तर नेत्यांनी युरोपचा नियमच काढला. तिथे फळ न्यायचं तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त पाचांना: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ! खव्याचे पेढे मात्र बाद, कारण सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढ्यांचं दुःख श्रीफळाच्या विजयात बुडालं.

दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये रंगीत तालीम. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे कोटात. खजिनदार महापौर होतात. नेत्यांचं दोन मिनिटांचं भाषण शिवाजी महाराजांपासून सिडकोमार्गे एपीएमसी मार्केटपर्यंत पोहोचतं, तोवर महापौर पेंगतात. मग लेझीम. मग काट्याने थालीपीठ.

तालीम नाही ती फक्त परक्याच्या घरी राहण्याची. चादरीची घडी आपली आपण घालावी, न्हाणीघर कोरडं ठेवावं, जेवल्यावर ताट उचलावं, हेही शिकवा की, असं नेत्यांच्या पत्नीने सुचवून पाहिलं.

“अहो, तिथे घरोघरी मोलकरीण नसते.”

“त्याला कसली तयारी? तू जरा चहा टाक,” नेते म्हणाले. चहा झाला, कप महापौरांच्या फायलीवर तसाच राहिला.

महापौर पाच मिनिटं भेटतात आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळतात. सात दिवस सांभाळून घेते ती यजमानीण. आपल्याविषयीचं मत तिथे तयार होतं. म्हणून सोसायटीवाल्यांनो, पुढचा नेता निवडताना त्याचं भाषण ऐकू नका. त्याच्या घरी चहाला जा आणि कप कोण विसळतं, तेवढं बघून या.