गॅबरकाका

रॉटरडॅमच्या आसपास एक गृहस्थ हटकून भेटतो. वय पन्नाशीचं, डोक्याचा तुळतुळीत गोटा, नोकरी विमा नाहीतर पगारपत्रक अशा एखाद्या नेमस्त खात्यात. वर्षातून तीन-चार रात्री मात्र हा माणूस अंगात आल्यासारखा नाचतो. तिकडे त्याला जुना गॅबर म्हणतात. आम्ही मराठी मंडळी आपसांत गॅबरकाका म्हणतो. अर्थात तोंडावर नाही.

आमच्या ऑफिसातले गॅबरकाका म्हणजे या जमातीचा अर्क. दुपारी बाराच्या ठोक्याला ते डबा उघडतात. त्यात पावाचे दोन तुकडे आणि मधे चीज, काल होतं तेच. कुणाच्या पगारात वीस सेंटचा फरक निघाला तर स्वतः जिना चढून सांगायला येतात. अशा माणसाकडून एक दिवस मला कॅलेंडरमध्ये निमंत्रण आलं. विषय : हार्डकोअर. वेळ : शनिवार रात्र ते रविवार सकाळ. खाली टीप : 'बूट चांगले घाल. कानांची सोय मी करतो.' तारीख पाहिली तर पाच आठवडे पुढची. बेभान होण्याची वेळ इतक्या आधी ठरवून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, ते रेव्ह पार्टी का? छापा पडतो ते?" तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे रेव्ह पार्टी सुरू कधी झाली हे कुणाला कळत नाही. संपली कधी ते मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, फार्महाऊसच्या वर्णनासकट. इथे बारकोड असलेलं तिकीट, कपाटाचं आगाऊ आरक्षण आणि प्रथमोपचाराच्या खोलीचा नकाशा आला होता. छापा घालणाऱ्यांची फार निराशा झाली असती.

2022 चा डिसेंबर होता आणि थंडरडोम या हार्डकोअर संगीताच्या सोहळ्याला 30 वर्षं झाली होती. जागा उट्रेख्तचं यारबर्स, म्हणजे स्टेशनाला लागून असलेली प्रदर्शनाची प्रचंड सभागृहं. काका स्टेशनवर मला भेटले ते ओळखू येईनात. ऑफिसातला करडा स्वेटर गेला होता आणि अंगावर जांभळा-हिरवा चकाकता ट्रॅकसूट होता, छातीवर कांगारू. ब्रँडचं नाव 'ऑस्ट्रेलियन', कंपनी इटलीची, कपडे मुळात टेनिससाठी शिवलेले आणि नव्वदच्या दशकात ते अंगावर चढवले रॉटरडॅमच्या कामगारवस्तीतल्या पोरांनी. टेनिसची रॅकेट त्यांतल्या कितीजणांनी हातात धरली असेल देव जाणे. काकांचा सूट त्या काळातलाच. चेन आता बेंबीपर्यंतच येते, त्यापुढे ती स्वतःच्या मताने थांबते. पायात नायकेचे एअर मॅक्स, कारण टाचेखालच्या हवेशिवाय हा नाच गुडघ्यांना झेपत नाही. शिवाय उजव्या गुडघ्याला नी-कॅप. फिजिओथेरपिस्टला सगळं खरं सांगून टाकलेलं आहे, असं त्यांनी मला आपण होऊन सांगितलं.

दारात झडती झाली. काकांच्या खिशातून निघालं ते असं : पॅरासिटामॉलची पट्टी, च्युइंगगम, सुटी नाणी आणि कानांच्या मापाने खास करून घेतलेल्या बोळ्यांची डबी. पूर्वीच्या काळी खिशात दुसऱ्या गोळ्या असत, हे ते नाकारत नाहीत. एक्स्टसी आणि स्पीड यांच्याशिवाय नव्वदच्या दशकातला हा इतिहास लिहिताच येणार नाही, आणि त्यापायी काही मित्र कायमचे बिघडले हेही त्यांनी न विचारता सांगितलं. त्यानंतर आवाज बदलून म्हणाले, "आता मॅग्नेशियम घेतो. पायात गोळे येत नाहीत."

आत गेल्यावर पहिला ठोका बसला. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभा राहिलेला मी. मोठ्या आवाजाचं मला अप्रूप नव्हतं. पण हे प्रकरण वेगळं निघालं. इथे ढोलासारखा ठोका ढोलासारखा ठेवतच नाहीत. रोलंडच्या 909 या ड्रम मशीनचा ठोका घेतात आणि आवाज इतका चढवतात की तो फाटतो, आणि त्या फाटण्यातूनच सूर निघतो. हे मिनिटाला 160 ते 200 वेळा, कधी त्याहूनही जास्त. हातातल्या प्लास्टिकच्या पेल्यात बिअरवर बारीक वर्तुळं उठत होती. पँटचं कापड पोटरीवर फडफडत होतं, वारा नसताना. काकांनी माझ्या कानांत फोमचे बोळे कोंबले, नीट बसले का ते वाकून पाहिलं आणि मगच नाचायला गेले.

त्या नाचाला हाकन म्हणतात. लांबून पाहिलं तर माणूस जागच्या जागी पळतोय असं वाटतं. जवळून पाहिल्यावर कळतं, की कमरेच्या वरचा भाग जवळपास स्थिर असतो. कोपरं बरगड्यांना टेकलेली, मुठी छातीसमोर आळीपाळीने पुढे-मागे, नजर दोन हातांवर जमिनीकडे. सगळा कारभार घोट्याखाली. पाऊल पुढे झटकायचं, टाच टेकायची, मागे घ्यायचं आणि तेवढ्यात दुसरं पाऊल निघालेलं. काकांची पावलं इतकी जपून आणि नेमकी पडत होती, की शेजारच्या दीड फुटात नाचणाऱ्या मुलीला तासाभरात एकदाही धक्का लागला नाही. एकदा तिची पाण्याची बाटली पडली. काकांनी नाच न थांबवता ती उचलून दिली.

आजूबाजूला शेकडो टकली डोकी, बॉम्बर जॅकेटं. माझ्यासारख्या सावळ्या माणसाच्या पोटात अशा घोळक्यात जरा गोळा येतोच. नव्वदच्या दशकात या वेषामुळे गॅबरांवर वर्णद्वेषाचा शिक्का बसला, आणि काही टोळकी खरोखरच तशी होती. तेव्हा अनेक लेबलांनी रेकॉर्डच्या वेष्टनावर वंशद्वेषाविरुद्धच्या घोषणा छापल्या. मला त्या रात्री मानेवर गोंदवलेला एक धिप्पाड इसम सरळ माझ्याकडे येताना दिसला. जवळ येऊन त्याने पंखा काढला आणि मला वारा घातला. मग पुढच्याला घातला. घालत घालत निघून गेला.

पण काका खरे रंगतात ते दोन डीजेंच्या मधे, बाहेरच्या बाकावर, खारे चिप्स खाताना. सवाई गंधर्वला शाल पांघरून बसणारे आणि 'रमणबागेतली मजा आता नाही' असं दर वर्षी सांगणारे जे रसिक असतात, त्यांचा हा सख्खा भाऊ. त्यांचं रमणबाग म्हणजे रॉटरडॅमचं एनर्जीहाल आणि युरोमास्ट मनोऱ्याजवळचं पार्कझिख्त. आता दोन्हीकडे ते नाचणं उरलेलं नाही. 3 ऑक्टोबर 1992 ला हेरेनफेनच्या थिआल्फमध्ये, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या स्टेडियममध्ये, पहिला थंडरडोम झाला, तिथे आपण होतो असं ते सांगतात. त्या पिढीतला प्रत्येकजण तिथे होता. सगळ्यांचं खरं मानलं तर ते स्टेडियम निम्म्या हॉलंडाएवढं धरावं लागेल.

काकांची मतं पक्की आहेत. अ‍ॅमस्टरडॅमला संगीत कळत नाही. हल्लीचे ठोके फार गुळगुळीत. 'वी हॅव अराइव्ह्ड' हे गाणं, म्हणजे या साऱ्याचा मूळपुरुष, 1990 मध्ये फ्रँकफर्टला, मार्क अकार्डिपानेच्या हातून जन्मला, हे ते मान्य करतात. पण जर्मनांना श्रेय देताना डच माणसाचा चेहरा जसा होतो तसा करून. आणि सगळ्यात खोल जखम पॉल एल्स्टाकची. ज्याने 1992 मध्ये 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' हे लेबल काढलं, त्याच माणसाने 1995 मध्ये 'रेनबो इन द स्काय'सारखी गोड, पोरीबाळींना गुणगुणता येणारी गाणी करून तक्त्यांत वरचे नंबर मिळवावेत? "गद्दारी," काका म्हणाले. "त्या वर्षी मी त्याच्या सगळ्या रेकॉर्ड माळ्यावर टाकल्या."

"फेकल्या नाहीत?"

"फेकायच्या कशाला? खोक्यात आहेत. अनुक्रमाने."

पहाटे जुन्या गाण्यांच्या दालनात नेमकं तेच इंद्रधनुष्य लागलं. मी वळून पाहिलं तर काका हात वर करून, डोळे मिटून, शब्दन् शब्द म्हणत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "ध्वनियंत्रणा तपासतोय."

सकाळी आम्ही रॉटरडॅमच्या गाडीत बसलो. काकांच्या डोक्यावर मीठ सुकलं होतं, नी-कॅप खिशात गेली होती. त्यांनी फोन काढून माझ्याकडे कपाटाच्या निम्म्या भाड्याची मागणी पाठवली, मी जागेवरच पैसे भरले, आणि ते समाधानाने मागे टेकले. समोरच्या बाकावर दोन कॉलेजची पोरं कुजबुजत हसत होती. काकांनी एक डोळा उघडला, पुढे वाकले आणि खिडकीच्या काचेवरच्या 'शांतता विभाग' या पाटीवर बोटाने दोनदा टकटक केली.