तरुण तडफदार, खोली धुळकट

बिटको चौकात उभं राहून मान वर केली, तर नाशिक रोडला नेतृत्वाची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. टंचाई असेल तर पार्किंगची. नेतृत्व खांबाखांबावर लटकलेलं आहे. 'तरुण तडफदार', 'युवकांचे आशास्थान', 'भावी नगरसेवक'. नाशिक महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणूक झाली 2026 च्या जानेवारीत. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाने कारभार केला आणि भावींनी वाढदिवस. दरवर्षी फ्लेक्स नवा, फोटो जुनाच. 'तरुण' लिहायला वयाचा दाखला लागत नाही, ही लोकशाहीने दिलेली मोठीच सवलत.

कायदा म्हणतो, 21 व्या वर्षी नगरसेवक व्हा, 25 व्या वर्षी आमदार व्हा. पक्ष म्हणतो, घाई कसली? आधी सतरंज्या उचला. सतरंजी न उचलता वर जाणारा रस्ता बहुतेक वेळा वडिलांच्या बैठकीतून निघतो. आमच्या देवळाली मतदारसंघाचंच बघा. (नाशिक रोडचा काही भाग देवळालीत, काही नाशिक पूर्वमध्ये. त्यामुळे खड्डा नेमका कुणाचा हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो.) 1990 पासून सलग पाच वेळा बबनराव घोलप आमदार. 2014 ला त्यांचे चिरंजीव योगेश. 2019 ला त्यांना पाडलं ते सरोज अहिरे यांनी, चाळीस हजारांहून अधिक मतांनी. आणि त्याही माजी आमदार बाबूलाल अहिरे यांच्या कन्या. म्हणजे एका घराची मक्तेदारी मोडायलाही दुसरं घरच लागलं.

हे आपल्याकडेच चालतं असं समजून कुणी मान खाली घालू नये. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा देश आहे. सगळा मिळून साडेपाच लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे एकट्या नाशिक शहरापेक्षाही कितीतरी कमी. तिथले रॉबर्ट अबेला 2017 मध्ये पहिल्यांदा खासदार झाले आणि 2020 च्या जानेवारीत थेट पंतप्रधान. वडील जॉर्ज अबेला देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष! सतरंज्या तिकडेही निवडकांनाच माफ असाव्यात. मात्र त्याच देशात विरोधी पक्षाने 2025 च्या सप्टेंबरात अलेक्स बोर्ग या तिशीतल्या पोराला नेता निवडलं. कसं? पक्षाच्या सभासदांनी मतदान केलं, मतं मोजली, 44 मतांनी तो जिंकला. सभासदांनी! मतं मोजून! आपल्याकडे पक्षाचं नेतृत्व असं ठरवायचं म्हटलं, तर आधी सभासदांची खरी यादी शोधायला समिती नेमावी लागेल.

तर सरोज अहिरे. आधी भाजपच्या नगरसेविका, 2019 ला ऐन निवडणुकीत राष्ट्रवादीत, 2023 ला पक्ष फुटल्यावर अजित पवारांबरोबर. कारकीर्द म्हणाल तर महाराष्ट्राच्या आजच्या रीतीप्रमाणेच. त्याबद्दल त्यांना ओवाळायचं कारण नाही आणि त्यांनाच वेगळं झोडपायचंही नाही. रीतीबाहेरचं त्यांनी एकच केलं: आमदार असताना त्यांना मूल झालं.

तरुण नेतृत्व हवं असं व्यासपीठावरून म्हणणाऱ्यांनी तरुणपणी माणसांना मुलं होतात हे लक्षात घेतलंच नव्हतं. 2022 च्या डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं, तेव्हा अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन विधानभवनात आल्या. कॅमेरे धावले, सर्वपक्षीय कौतुक झालं. कौतुकाला पैसे पडत नाहीत. मग लक्षात आलं की बाळाला ठेवायचं कुठे, पाजायचं कुठे, याची सोयच नाही. धावपळ करून हिरकणी कक्ष झाला. पुढे मुंबईत 2023 चं अर्थसंकल्पीय अधिवेशन. कक्ष होता, पण धूळही होती आणि सोयी नव्हत्या. आमदारबाईंना त्याबद्दल माध्यमांसमोर तक्रार करावी लागली, डोळ्यांत पाणी आणून. रायगडावरच्या हिरकणीसाठी महाराजांनी बुरूज बांधला अशी कथा आहे. आमच्या विधानभवनाने खोली दिली, केर काढायचा राहिला.

खरी मौज पुढे आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर आस्थापनेने पाळणाघर द्यावं, असा कायदा आपल्या संसदेने 2017 मध्ये केला. बाळंतपणाची पगारी रजा त्याच कायद्याने 26 आठवड्यांची झाली. कारखानदाराने हे पाळलं नाही तर त्याला नोटीस. आमदार मात्र कुणाचे कर्मचारी नाहीत, त्यामुळे ही सक्ती त्यांच्या दारापाशीच थांबते. 2019 च्या विधानसभेत 288 आमदारांमध्ये 24 बायका होत्या. उरलेल्या 264 जणांची मुलं सांभाळायला घरी कुणीतरी होतं, म्हणून पाळणाघराचा प्रश्न सभागृहात आलाच नाही. ते 'कुणीतरी' कोण, हे सांगायला नको.

माल्टाच्याच रोबेर्टा मेत्सोला चार मुलांची आई असताना 2022 मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे अशा बाईला सभेत पहिला प्रश्न येईल, 'ताई, घरचं कसं जमवता?' चार मुलांच्या बापाला हा प्रश्न विचारलेला मी तरी अजून ऐकलेला नाही.

आता 2024 ची विधानसभा. अर्ज भरायचा शेवटचा दिवस. अहिरे महायुतीच्या उमेदवार, घड्याळ चिन्ह. तेवढ्यात मित्रपक्षाने, म्हणजे शिंदेंच्या शिवसेनेने, माजी तहसीलदार राजश्री अहिरराव यांच्यासाठी त्याच जागेवरच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हवाईमार्गे नाशिकला धाडला. मैत्री इतकी की तिला रस्ता पुरेना. एका कागदासाठी आकाशातून वाहन येतं आणि अडीच महिन्यांच्या जिवासाठी एका मजल्यावरून केरसुणी येत नाही, यातून कुणाचं वजन किती ते कळतं. मतदारांनी अहिरेंना पुन्हा सुमारे चाळीस हजारांच्या फरकानेच निवडून दिलं. फ्लेक्सवर तडफदार असण्याचा आणि मतपेटीचा फार जवळचा संबंध नसावा.

महापालिकेत आता 122 जागा आणि त्यातल्या निम्म्या बायकांसाठी राखीव. म्हणजे विधानभवनात एका बाळाने जो घोळ घातला, तो इथे केव्हाही घडू शकतो. नव्या नगरसेविकांचे नवरे, दीर आणि सासरे कारभार बघायला उत्सुक आहेतच. बाळ बघायलाही तितकेच उत्सुक असतील तर प्रश्नच मिटला. नसतील, तर तुम्ही एक करा. घरपट्टी भरायला नाशिक रोडच्या विभागीय कार्यालयात जाल, तेव्हा पावती घेतल्यावर खिडकीतल्या माणसाला एवढंच विचारा: इथलं पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे? आणि असलंच, तर दार उघडून आत धूळ किती आहे तेही बघून या.