चौथा पंच

मार्व्हिन हॅग्लर हा मिडलवेटमधला आजवरचा सर्वांत मोठा मुष्टियोद्धा, हे मी नवनगरात इतक्या वेळा सांगितलं आहे की आमच्या गल्लीला तो माझा मावसभाऊ वाटतो. विरोध कधी झाला नाही, कारण ऐकणाऱ्यांचं लक्ष गिरमिटाच्या बशीत असायचं. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, साडेबहात्तर किलो. हा गट मी स्वतः केव्हाच मागे टाकला आहे. अर्थात वरच्या बाजूने.

मग शेजारच्या काकींचा नातू जिमला जायला लागला. एका संध्याकाळी मिरची भजी मोडत त्याने विचारलं, "काका, हॅग्लरने किताब किती वेळा राखला?"

"बारा!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मोन्झोनने चौदा. हॉपकिन्सने वीस. गोलोव्हकिननेही वीस."

मी म्हटलं, नुसते आकडेच मोजायचे तर किराणा दुकान काढ. हॅग्लरला किताबापर्यंत पोचायलाच किती वर्षं तिष्ठत ठेवलं होतं! १९७९ साली अँतुओफेर्मोशी लढत बरोबरीत सोडवून त्याला हात हलवत परत पाठवलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मिंटरला तिसऱ्याच फेरीत हरवलं, तर प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. १९८५ मध्ये हर्न्सला तीन फेऱ्यांत झोपवलं. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

"हौद्री," बँकेतून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, "पण आपला विजेंदर कुठे बसतो यात?"

ही खरी अडचण होती. २००८ ला बीजिंगमध्ये ७५ किलो गटात कांस्य, म्हणजे मुष्टियुद्धातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१० च्या आशियाई अंतिम फेरीत अतोएव्हला ७–०. पण २०१५ मध्ये व्यावसायिक झाल्यावर पट्टा जिंकला तो एक पायरी वरच्या सुपर मिडलवेटमध्ये. "म्हणजे मिडलवेटच्या वहीत त्याचं खातं अर्धंच राहिलं," मी निकाल दिला. अर्धं खातं ऐकून अण्णांची भजी हातातच राहिली.

नातू हटेना, तेव्हा मी धारवाडी अस्त्र काढलं. इथे गाण्याच्या वादात कोंडीत सापडलेला माणूस शेवटी म्हणतो, "तू मन्सूरअण्णांना समोर बसून ऐकलं नाहीस." पुढे बोलणंच खुंटतं. मी तोच सूर लावला. "आकड्यांनी काही कळत नाही. हॅरी ग्रेबचं घे. एका डोळ्याने आंधळा झाला तरी लढत राहिला. जीन टनी आयुष्यात एकदाच हरला, तो ग्रेबकडून, १९२२ मध्ये. ग्रेब पाहायला हवा!"

"तुम्ही पाहिलाय?"

"कसा पाहणार? त्याच्या लढतीची फिल्मच नाही."

नातू हसला. अण्णाही हसले. त्या हसण्याने मी पेटलो आणि जे बोलू नये ते बोललो. ६ एप्रिल १९८७ ला लास व्हेगसमध्ये लिओनार्डने हॅग्लरला हरवलंच नाही, पंचांनी लुटलं. एका पंचाने तर ११८–११० दिले! रविवारी माझ्या घरी या, आवाज बंद ठेवून लढत बघू, प्रत्येकाने आपापलं कार्ड भरायचं.

रविवारी मी आधी सगळ्यांचा वर्ग घेतला. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव, एवढंच पाहायचं. काकी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही पेन्सिल दिली. वर बजावलं की भावना आणायच्या नाहीत.

लढत सुरू झाली. हॅग्लर डावखुरा, पण सुरुवातीच्या फेऱ्या उजव्या पवित्र्यात लढला आणि मी चडफडत त्या लिओनार्डला दिल्या. हा लिओनार्ड पाच वर्षांत एकदाच लढलेला. अटी मात्र स्वतःच्या मनासारख्या करून घेतलेल्या: पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठी रिंग. गोल फिरायचं, आणि फेरीची शेवटची तीस सेकंदं उरली की ठोशांची सरबत्ती करायची. आवाज बंद होता तरी ती डोळ्यांत भरत होती. सरबत्ती झाली की पेन्सिल आपोआप त्याच्या रकान्यात जायची. पाचव्या फेरीपासून हॅग्लर जागा झाला, आणि मीही. पण शेवटी बेरीज केली तर लिओनार्ड ११५, हॅग्लर ११३. पुन्हा केली. मग खालून वर केली.

नातवाने लिओनार्डला जिंकवलं होतं. अण्णांची ११४–११४ बरोबरी; जमा-खर्च जुळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. काकींनी नऊ फेऱ्या हॅग्लरला दिल्या होत्या.

"पळणाऱ्याला कसले मार्क?" त्या म्हणाल्या. "किताब त्या टकल्याचा होता ना? मग पाहिजे तर येऊन घे म्हणावं."

हे माझंच वाक्य होतं. गेली कित्येक वर्षं मी ते कट्ट्यावर फेकत आलो होतो, फक्त इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

"एक इकडे, एक तिकडे, एक बरोबरी," नातू म्हणाला. "काका, तुमच्या कार्डावर निकाल."

मी म्हटलं, कार्डावर चहा सांडला. त्याने मोबाइल पुढे केला. मी खालून वर बेरीज करत असतानाच त्याने फोटो काढून ठेवला होता.

पुढच्या रविवारी हॉपकिन्स–त्रिनिदाद, २००१ ठरलं आहे. पेन्सिली काकींच्या ताब्यात आहेत. मला फक्त चहा करायला सांगितलं आहे.