कार्डाचा मानपान

एन्व्हिडियाचं आरटीएक्स 4090 हे ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर 2022 मध्ये बाजारात आलं, तेव्हा खेळणाऱ्यांच्या जगात त्याहून वेगवान काही नव्हतं. 30 जानेवारी 2025 रोजी आरटीएक्स 5090 आलं आणि आधीचं रातोरात म्हातारं झालं. त्याचा वेग घटला नव्हता, पंखे खरखरत नव्हते, कालपर्यंत सुरळीत पळणारा एकही खेळ अडखळत नव्हता. फक्त मालकाची झोप उडाली. या मालकाला तूर्त अपग्रेडवीर म्हणू.

अपग्रेडवीराची पहिली लढाई घरच्यांशी. खर्चाला कारण लागतं आणि कारणांच्याही पिढ्या असतात. पूर्वी ‘व्हिडिओ एडिटिंग करायचंय’ एवढ्यावर भागायचं. हल्ली ‘घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचंय’ असं म्हणतात. एआय शब्द आला की वडीलधारे फार खोलात शिरत नाहीत. कारण अगदीच खोटं नाही. 5090 वर 32 जीबी मेमरी आहे आणि बऱ्यापैकी मोठी मॉडेल तिच्यात मावतात. पहिल्या शनिवारी एक मॉडेल चालतंही. त्याच्याकडून सत्यनारायणाच्या आमंत्रणाचा मजकूर लिहून घेतला जातो, घरात कौतुक होतं आणि रात्री त्याच यंत्रावर सायबरपंक 2077 चढतं ते कायमचं.

किमतीचं म्हणाल, तर 2017 सालचं 1080 टीआय 699 डॉलरला होतं आणि लोक तेव्हाही महाग म्हणून ओरडले होते. पुढे 3090 आलं 1,499 डॉलरला, 4090 आलं 1,599 ला, 5090 आलं 1,999 ला. भारतात या शेवटच्याची जाहीर किंमत 2,14,000 रुपयांपासून सुरू झाली. जाहीर म्हणजे कागदावरची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो कागद दाखवला, की दुकानदार समजूतदारपणे हसतो. “साहेब, भाव नंतर विचारा. आधी माल आहे का ते विचारा.”

माल मिळाला, घरी आला. आता हे कार्ड म्हणजे अधिक महिन्यात आलेला जावई. स्वतः तोंडाने काही मागत नाही, पण त्याच्यापायी सगळं घर हलवावं लागतं.

पहिला जातो एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. कार्ड एकटं 575 वॅटपर्यंत वीज ओढतं आणि एन्व्हिडियाची शिफारस आहे किमान 1,000 वॅटच्या एसएमपीएसची. हौसेने घेतलेला 850 वॅटचा जुना माळ्यावर जातो. टेबलाखालचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट पेलतो, म्हणजे वीज गेली की तो संगणकाला वाचवण्याऐवजी एकदा किंचाळून स्वतःच मान टाकतो. रोज चार तास पूर्ण जोरात खेळलं तर एकट्या कार्डाचे महिन्याला 69 युनिट होतात. महावितरणचा स्वस्त टप्पा पहिल्या 100 युनिटांचा. उरलेल्या 31 युनिटांत फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन आणि कुटुंब यांनी आपसात काय ते ठरवावं.

मग कॅबिनेट. एन्व्हिडियाचं स्वतःचं 5090 आहे 304 मिलिमीटर लांब. इतर कंपन्यांची काही मॉडेल 350 च्याही पुढे जातात. ती जुन्या कॅबिनेटमध्ये तिरकी घालून बघितली जातात, उलटी घालून बघितली जातात आणि शेवटी नवीन कॅबिनेट येतं. त्यातही दोन किलोच्या वरचं हे धूड एका टोकाला आडवं लटकतं आणि हळूहळू वाकतं, म्हणून खालून टेकू द्यावा लागतो. दोन लाखांच्या वस्तूखाली प्लॅस्टिकची एक दांडी उभी राहते.

विजेच्या वायरीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सोळा पिनांचा एक बोटभर कनेक्टर, त्यातून 600 वॅटपर्यंत वीज नेण्याची परवानगी. 4090 आल्यावर काही आठवड्यांतच तो वितळल्याचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये एन्व्हिडियाने सांगितलं, की जगभरात अशी सुमारे 50 प्रकरणं आपल्याला कळली आहेत आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यांतलं नेहमीचं कारण दिसतं. थोडक्यात, ग्राहकाने नीट खोचलं नाही. पुढे कनेक्टरची रचना सुधारली, नाव बदललं, तरी 5090 च्या वाट्यालाही वितळलेल्या वायरी आल्याच. एमएसआय या कंपनीने कनेक्टरचं टोक चक्क पिवळं केलं. पिवळं दिसत असेल तर अजून दाबा. अर्धशतकाहून अधिक काळ संगणक बनवणाऱ्या उद्योगाने अखेर बालवाडीचा मार्ग धरला आणि तोच सगळ्यांत शहाणपणाचा निघाला.

एवढं करून यंत्र सुरू होतं आणि वेग पूर्वीइतकाच दिसतो, कारण मॉनिटर 1080पीचा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत आजही निम्म्याहून जास्त खेळाडू याच रेझोल्यूशनवर आहेत. इतक्या कमी पिक्सेलचं चित्र 5090 चुटकीसरशी रंगवतं आणि मग पुढच्या कामासाठी सीपीयूच्या तोंडाकडे बघत बसतं. म्हणून नवा सीपीयू. त्याला जुना मदरबोर्ड चालत नाही, म्हणून तोही नवा, त्यावर नवी रॅम आणि शेवटी 4केचा मॉनिटर. जुन्या संगणकातलं आता एकच खरं उरलेलं असतं, ते म्हणजे बसायची खुर्ची. तीही यूट्यूबवरच्या एका परीक्षणानंतर बदलते.

आता इतका खटाटोप करून पडद्यावर येतं काय? जानेवारी 2025 मध्ये लास व्हेगासच्या मंचावर एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी चकाकतं जॅकेट घालून सांगितलं, की 549 डॉलरचं 5070 हे 4090 इतकं चालेल. टाळ्या पडल्या. एकाकडे 12 जीबी मेमरी, दुसऱ्याकडे 24. मग हे जमतं कसं? एआयमुळे. कार्ड एक फ्रेम खरी रंगवतं आणि पुढच्या तीन एआय अंदाजाने रचतं. कंपनीचाच हिशेब असा, की 16 पिक्सेलांतले 15 एआयने घडवलेले. कोपऱ्यातला आकडा 30 वरून 120 वर जातो, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या 30 चाच. अपग्रेडवीराची हरकत नसते. तो खेळ बघतच नाही, आकडा बघतो. संध्याकाळी थ्रीडीमार्क लावायचं, गुण मोजायचे, पंख्याचा वेग बदलायचा, पुन्हा लावायचं. कथेतल्या नायकाचा जीव पहिल्याच दारापाशी ताटकळतो.

ही भक्ती कंपनीने वेळोवेळी कसोटीला लावलीय. 2014 च्या जीटीएक्स 970 वर 4 जीबी लिहिलं होतं. त्यातली साडेतीन वेगवान आणि शेवटची अर्धी मंद निघाली. अमेरिकेत दावा झाला, माणशी 30 डॉलर देण्याची तडजोड झाली. 2022 मध्ये 899 डॉलरचं ‘4080, 12 जीबी’ वाजतगाजत जाहीर झालं, आणि नावाने गोंधळ होतो म्हणून विक्रीआधीच मागे घेतलं गेलं. पुढच्या जानेवारीत ते 4070 टीआय या नावाने 799 डॉलरला परत आलं. बारसं मोडून दुसऱ्यांदा बारसं, वर शंभर डॉलरची सूट. 5090 आलं तेव्हा काही थोड्या कार्डांत चित्र घडवणारे 176 पैकी 8 भाग बंद निघाले. कंपनी म्हणाली, अशी कार्डं अर्धा टक्काच आहेत आणि वेग सरासरी 4 टक्क्यांनीच घटतो.

तरी रांग हटत नाही. जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एन्व्हिडियाची विक्री 130.5 अब्ज डॉलरची झाली; त्यात डेटा सेंटरचे 115 अब्ज, आणि खेळणाऱ्यांच्या कार्डांचे सव्वाअकरा अब्जांच्या आसपास. ज्यांच्या जिवावर कंपनी उभी राहिली ते पंगतीत आता नऊ टक्क्यांच्याही आत, पण पहिला मान आपलाच, अशी त्यांची समजूत आहे.

राहता राहिलं जुनं 4090. ते विकायला काढताच पहिला फोन येतो.

“मायनिंग केलेलं नाही ना?”

अपग्रेडवीर इथे रंगात येतो. कार्डांवरचं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 रोजीच बंद पडलं, 4090 विक्रीला आलं 12 ऑक्टोबरला, तेव्हा या कार्डावर कोण कशाला मायनिंग करत बसेल, असं तो तारीखवार समजावतो. पलीकडचा शांतपणे ऐकून घेतो.

“ते ठीक आहे हो. पण मायनिंग केलंय का?”

“नाही!”

“बरं. आणि गेमिंग किती केलंय?”

“गेमिंग,” अपग्रेडवीर जरा विचार करून म्हणतो, “तसं फारसं नाही.”