प्रोत्साहन असावं तर असं!

मा. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन,
वॉशिंग्टन डी. सी. यांस,
सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांना आपण इतकी वर्षं ज्या मायेनं वागवलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. आम्ही इकडे भारतात ग्रेड एक, ग्रेड दोन करत शेवटी जनरल आणि रिस्ट्रिक्टेड या दोनच पायऱ्यांवर आलो. आपल्यापुढे आमची कल्पकता किती तोकडी!

1951 साली आपण नोव्हिस वर्ग काढलात. मिनिटाला पाच शब्दांचं मोर्स, 75 वॉट आणि क्रिस्टलला बांधलेला ट्रान्समीटर. पोरगं खाऊच्या पैशातून एखादं क्रिस्टल घ्यायचं, त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी सगळ्यांना हाक, बडवायचं आणि उत्तर कुठून येतंय म्हणून रिसीव्हरची डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसायचं. लायसन्स एका वर्षाचं, नूतनीकरण नाही. तेवढ्यात 13 शब्दांचा वेग गाठून जनरल व्हा, नाहीतर शॉर्टवेव्ह विसरा. कडक होतं, पण सरळ होतं.

आपली खरी प्रतिभा दिसली ती जनरलच्या वरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वर्गात. 1952 अखेर तो नव्यांसाठी बंद केलात आणि 1953 मध्ये जनरलवाल्यांना सगळे बँड देऊन टाकलेत. लोक सुखानं बोलू लागले. हे सुख परक्यांच्या नव्हे, घरच्यांच्याच डोळ्यांत आलं! 1963 साली त्यांच्याच संघटनेनं, एआरआरएलनं, आपल्याकडे अर्ज केला. 1967 मध्ये ‘इन्सेंटिव्ह लायसन्सिंग’ मंजूर झालं, अ‍ॅडव्हान्स्डचं दार पुन्हा उघडलं आणि नोव्हेंबर 1968 पासून जनरलवाल्यांचे बँड कापायला सुरुवात झाली. ताटात वाढलेली पोळी काढून घ्यायची आणि परीक्षा दिलीस तर परत वाढू म्हणायचं, याला प्रोत्साहन म्हणतात हे आम्हाला आपल्यामुळे कळलं. 80, 40, 20 आणि 15 मीटरच्या तळाचे 25-25 किलोहर्ट्झ तर फक्त एक्स्ट्रा या सगळ्यांत वरच्या वर्गाचे. त्यासाठी तेव्हा मोर्स लागायचं 20 शब्दांचं.

पुढे 2000 साली अ‍ॅडव्हान्स्ड पुन्हा बंद झाला. 2007 मध्ये मोर्सची परीक्षाच गेली, ते एक बरं केलंत. पण तळाचा तो पट्टा अजून एक्स्ट्रालाच राखीव, आणि तिथं माइक चालत नाही. चालतं ते मोर्स, नाहीतर डेटा. म्हणजे डिट कुठला न डाह कुठला हे न कळणारा एक्स्ट्रावाला तिथं हक्कानं येणार, आणि आपल्याच परीक्षेत 13 शब्दांचं मोर्स उतरवून दाखवलेला जुना अ‍ॅडव्हान्स्डवाला उंबऱ्याबाहेर उभा. त्याचं लायसन्स दर दहा वर्षांनी नवं करून देता, ही मेहेरबानी आहेच.

एवढीच विनंती, की तो पट्टा या मंडळींना खुला करा. गर्दीची धास्ती नको. 2000 नंतर या वर्गात एकही नवा माणूस आलेला नाही.

कळावे,
आपला,
40 मीटरवरचा एक श्रोता