पिठ्या ढेकणा, तुझा मुक्काम आता पुरे

पिठ्या ढेकणा,

तुला नमस्कार नाही, आशीर्वाद तर नाहीच. बालाघाटातल्या आमच्या मराठी घरांत सकाळी गणपतीला जास्वंद दारचीच लागते, आणि नेमकी तीच तू धरलीस. कळ्या उमलायच्या आधी गळतात, शेंडे वाकडे होतात, पानं आवळून गोळा होतात. देठाच्या बेचक्यात पीठ भुरभुरल्यागत तू ठाण मांडून बसलेला. काडीने एक पुंजका उकलला, तर कापसाळ पिशवीत पिवळट अंडीच अंडी. पोसायला झाड आमचं आणि वंश तुझा, वा रे पाहुण्या!

वर पहारेकरीही ठेवलेस. तुझ्या अंगातून पाझरणारा चिकटा मुंग्या चाटतात आणि त्या बदल्यात तुझ्या वैऱ्यांना हुसकावतात. उरल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, मग पानाला ऊनही धड मिळत नाही.

पण माझा खरा संताप वेगळा आहे. बालाघाट हा धानाचा जिल्हा. शेतातून उरलेली औषधाची बाटली पुष्कळ घरांच्या पडवीत असते. तुला पाहिलं की हात तिच्याकडेच जातो. जास्वंदीची कुंडी असते त्याच गॅलरीत मूल रांगतं, तिथल्याच तुळशीचं पान चहात पडतं. यवतमाळात २०१७ साली कापसावर फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेही उघड्या रानात. एवढंसं तुझं पोट, आणि त्यापायी आम्ही असलं जहर घरात शिंपडायचं? ते मी होऊ देणार नाही.

तुला हटवायला जहर लागतच नाही. तुझी पपईवरची जात २००८ मध्ये कोइमतूरला सापडली आणि दक्षिणेतल्या बागा तिने जेरीस आणल्या. मग २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफॅगस नावाची इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली. ही माशी त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते, आणि पिल्लं त्याला आतून पोखरतात. त्या माशीनेच त्या जातीचा कणा मोडला.

माझ्या गॅलरीत तुझ्यासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आहे. फार माखलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकते. खाली फेकला तर तू पुन्हा चढशील. ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, पानांच्या खालच्या अंगाला. तुझ्या कापसाळ पिशवीतली अंडी वाचतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा. मुंग्यांची वाट आधी तोडते. युरियाचा मारा बंद. कोवळी, रसरशीत फूट तुला फार आवडते, ठाऊक आहे. नर्सरीतून आलेली कुंडी पंधरा दिवस वेगळी राहील, कारण तू बहुधा तिथूनच येतोस.

आणि शेजारणींनाही मी सांगितलंय: पांढऱ्या झुबक्यांची, तुझ्याहून मोठी आणि झपझप चालणारी अळी दिसली तर तिला चिरडू नका, त्या झाडावर तेलही फवारू नका. ती क्रिप्टोलीमस ढालकिड्याची. ऑस्ट्रेलियातला हा किडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी दिसते तुझ्यासारखी आणि खाते तुलाच. तेव्हा तुझ्या घोळक्यात कोणी नवा नातेवाईक लगबगीने शिरला, तर खुशाल जवळ बसवून घे.

तुझी मुळीच नसलेली,
जास्वंदीची मालकीण, बालाघाट